तंबूपुढचा मुरूम

“बाबा, दादाचं यंत्र त्या दिवशी चालू तरी होतं का?”

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी धाकटीशी पैज लावली होती. तिनेही तोऱ्यात म्हणून टाकलं होतं, “विचारते की, त्यात काय!” वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप कसलं ते उरलं नव्हतं. पण प्रश्न बाहेर पडला आणि आतला आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

दादा शेतात पुरलेले सुरुंग यंत्राने शोधताना स्फोटात गेला. बाबांच्याच तुकडीत होता. ‘पोरगं झोपेत चाललं असणार,’ असं लोक बोलत, आणि ते तिच्या जिव्हारी लागायचं.

“चालू होतं,” बाबा म्हणाले. “मीच लावून दिलं होतं.”

“मग वाजलं का नाही?”

“सुरुंगात धातू असतो टाचणीएवढा. मातीतही लोह असतं, त्यानेही यंत्र वाजतं. म्हणून रोज सकाळी आधी त्याला माती ऐकवायची. ‘ही घरचीच आहे, हिच्यावर ओरडू नकोस,’ असं शिकवायचं.”

“कुठली माती ऐकवता?”

“तंबूपुढची. तिथे सुरुंग नाही, एवढीच जागा तपासलेली असते ना, शहाणे!”

ती हसणार होती, पण हसू ओठांतच विरलं. दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी ती डबा घेऊन तुकडीच्या तंबूवर गेली होती. चिखलात ट्रक रुतत होते, म्हणून तंबूपुढे बाहेरून आणलेला लालभडक मुरूम ओतत होते. तिच्या पांढऱ्या बुटांकडे बघून दादा म्हणाला होता, “महाराणी, उडी मारा. नाहीतर आई ते मला धुवायला लावेल.”

शेतातली माती मात्र राखेसारखी फिकी.

“बाबा... तो मुरूम लाल होता. शेतातला नव्हताच तो.”

लाल म्हणजे लोहाने ठासून भरलेला. एवढं लोह कानाआड करायला शिकवलेलं यंत्र फिक्या मातीतल्या टाचणीवर कसं ओरडणार? दादा झोपेत नव्हता. यंत्र गप्प होतं, म्हणून त्याने विश्वासाने पाऊल टाकलं होतं.

ओल्या हातांनीच आई दारात आली. “काय झालं?”

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. तिला वाटलं, ही जीभ झडली असती तर बरं. दादा दोषातून सुटला होता आणि बाबा त्यात अडकले होते.

“अजून तिथेच लावता यंत्रं?”

बाबांनी मान हलवली. हो.

तिने डोळे पुसले.

“आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. तंबूत येणार. कुणी यंत्र उचलायच्या आत सगळ्यांना हे सांगणार. बाबा, तुमचं नावसुद्धा घेणार.”