पळसापासून सात पावलं

तांड्याला सडक पाहिजे म्हणून खेमानं अठ्ठावीस वर्षं चपला झिजवल्या. लोक हसायचे, "खेमाला सडकेचं याड लागलं." याड कशाचं आलंय! त्याची दोन वर्षांची मिना तापानं फणफणलेली असताना तो तिला खांद्यावर घेऊन पुसेगावच्या दवाखान्याकडं निघाला होता. गुडघाभर चिखलात पाय रुतला, आणि तो उपसेपर्यंत खांद्यावरचं लेकरू गार झालं.

लहान लेकराला तांडा आगीत देत नाही, मातीत देतो. खेमानं गायरानात खड्डा केला, मीठ टाकलं, वर काटेरी फांद्या ओढल्या. खूण म्हणून दगडसुद्धा ठेवायचा नाही, आणि जागा आईला सांगायची नाही, नाहीतर तिचा पाय तिकडंच ओढतो, अशी रीत. पळसापासून मावळतीला सात पावलं, हे त्यानं मनात ठेवलं. मिनाच्या आईनं, निर्मलाबाईनं, वर्षभर विचारलं, मग विचारायचं सोडलं. खेमा रोज तिथंच शेळ्या न्यायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या जागी पवना गवत कमरेएवढं वाढलं. लेक उगवली, असं त्याला वाटायचं, आणि वाटून बरंही वाटायचं.

यंदा सडक मंजूर झाली. ग्रामसभेत इंजिनिअरसाहेबांनी मान म्हणून खेमालाच विचारलं, "बाबा, गायरानातला मुरूम कुठून उचलू?" खेमानं तोंड उघडलं. समोर बायांमध्ये निर्मलाबाई बसलेली. पळसाकडची बाजू सोडा म्हणावं, तर ती 'काहून?' म्हणून विचारणार. तो म्हणाला, "घ्या कुठूनबी." आणि कागदावर पहिला अंगठा त्याचाच उमटला. चाळीस एकराचं गायरान, नेमकं तिथंच कशाला खणतील, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो आठ दिवस हिंगोलीला गेला. परत आला तो ऑटोत बसून, थेट दारापर्यंत. तांबड्या सडकेवर एक धक्का बसला नाही. म्हातारा पोरासारखा खुशीत होता. उतरून त्यानं नव्या डोळ्यानं गायरानाकडं पाहिलं, तर पळस दिसेना.

तो धापा टाकत वर गेला. दोन पुरुष खोल खड्डा पडला होता. जेसीबीवाला रणजीत कडेला डबा खात होता.

"हितं पळस होता ना रे?"

"पहिल्याच दिवशी पाडला, बाबा. बराबर त्याच्याखाली मऊ मुरूम लागला."

"टाकला कुठं?"

"तुमच्याच सडकेवर की. वरून रोलर फिरवला. चांगला बसला."

खेमा खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. सात पावलं मोजायची तरी कुठून?

घरी निर्मलाबाई उंबऱ्यात बसली होती. हिला काही कळू द्यायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता. तीच म्हणाली, "पळस गेला."

"तुला काय ठाऊक?"

"शेळ्यायला तेवढ्या गवतात तोंड घालू देत न्हवते तुमी. शेळ्यायला कळलं, मला कळणार न्हाई व्हय?"

"मंग सभेत बोलली काहून न्हाई?"

"तुमी नको म्हणाल म्हणून वाट पाहून राहिले. बापानं 'घ्या' म्हटल्यावर मी काय बोलू?"

खेमाला रडूही आलं नाही. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेवढंच त्याला आठवलं.

निर्मलाबाईनं घागर उचलली. विहीर सडकेच्या पलीकडं, सडकेनं गेलं तर शंभर पावलांवर. ती सडकेच्या कडेपाशी थांबली, चपला काढून हातात घेतल्या, आणि खाली नाल्यातल्या चिखलात उतरली. नाल्यावरून सडक जाते तिथं मोठी नळी टाकली आहे. त्या नळीतून ती वाकून, घागर पुढं ढकलत, पलीकडं गेली.

खेमानंही चपला काढल्या. मागून ऑटोवाला भोंगा वाजवून हसत ओरडला, "अहो बाबा, सडक कोणासाठी केली मंग?"