कमलच्या कावळ्याचे पाय

गिरणीचा संप सुरू होऊन आठ महिने झाले होते. दशरथ परब दहिसरच्या चाळीतल्या आपल्या खोलीत दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. अठरा वर्षं तुटलेलं सूत जोडणाऱ्या त्या माणसाला आता हातांचं काय करावं, तेच कळत नव्हतं. बायको विमला कामावर जाताना काहीबाही सांगायची. तो नुसतं 'हं' म्हणायचा.

एका शनिवारी त्याची नऊ वर्षांची कमल शाळेतून शाडूच्या मातीचा गोळा घेऊन आली. वर्गाच्या वनमालाबाईंनी सांगितलं होतं, आपल्या घरातून रोज दिसणारा पक्षी करून आणा. चाळीतली सगळी पोरं गॅलरीत मांडी घालून बसली. कुणी चिमणी केली, कुणी साळुंकी. शेजारच्या लवूने कबूतर केलं. कमलचा कावळा मात्र झकास जमला होता. मान तिरकी, चोच जराशी उघडी. पण उभा केला की पाय मोडायचे आणि तो पोटावर आपटायचा.

चौथ्यांदा आपटला तेव्हा लवू ओरडला, "कमल, तुझ्या कावळ्याची वाट लागली गं!"

कमल कावळा उचलून आत आली आणि बापाच्या पाठीशी बसून मुसमुसू लागली.

दशरथ उठून बसला. "बघूया, माका दाखव."

त्याने कपड्यांच्या दोरीची उरलेली तार शोधली, पकडीने दोन तुकडे केले आणि विमलाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा त्यांवर गुंडाळू लागला. बोटं न बघता चालत होती.

"बाबा, दोरो कशाक?"

"नुसत्या तारेर माती रवना नाय. दोऱ्याक धरून रवता."

कावळा उभा राहिला. कमलने श्वास रोखून हात काढला. तरी उभाच.

दारात लवू आला. कबूतर पाठीमागे लपवलेलं. "काका, माझ्या कबुतराला पण पाय द्या ना."

"ये. बस हय."

संध्याकाळी विमला जिना चढून आली, तर गॅलरीत अकरा पक्षी रांगेत उभे होते. नवरा पोरांच्या घोळक्यात कोपरापर्यंत माखलेला. कबुतराला मागे बोट एक की दोन, यावर लवूशी भांडत होता. आत जाऊन तिने चहा ठेवला, आणि स्टोव्हचा आवाज मोठा असताना डोळे पुसून घेतले.

सोमवारी दशरथने दाढी केली. अकराही पक्षी फळीवर मांडले, फळी दोन्ही हातांवर तोलली आणि पोरांबरोबर तो शाळेकडे हळूहळू चालू लागला.