परवानगीचं पान

माझ्या रोजच्या नेमांत एक नेम असा होता, की न मागता कुणाचं काही घ्यायचं नाही. पूजेचं फूलसुद्धा नाही. आमच्या रायपूरच्या समता कॉलनीत पहाटे पिशव्या घेऊन फिरणारी मंडळी कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, कण्हेर सहज तोडून नेतात. मी मात्र शेजारच्या भैय्यालालजींच्या दारावरची बेल वाजवायचे आणि विचारायचे, "भैया, दो फूल ले लूँ?" सहा वर्षं हे चाललं होतं. ते डोळे चोळत यायचे आणि रोज तेच म्हणायचे, "ले लो भाभी, पूरा पेड़ ले लो. हमेशा के लिए ले लो. बस, बेल मत बजाओ!"

त्याच नेमापायी एका मुलीचा पेपर बुडायची वेळ आली, म्हणून हे लिहिते आहे.

मुलीचं नाव रुचिता. आमच्या ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक बाई हलक्या आवाजात म्हणत होत्या, "हळू बोल वं, सगळे पाहून राहिले." त्यावर पोरगी खुशाल हसली. "पाहू दे. मले कुठं दिसते?"

रायपुरात मराठी कानावर पडलं की मान वळतेच. मग बोलणं निघालं. आई कलावतीबाई, वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात, राहणं रेल्वे कॉलनीत, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. रुचिता जन्मापासून अंध आणि वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. बौद्धिक संपदा कायदा या विषयात ती आधी एकदा चार गुणांनी राहिली होती. आता पुन्हा राहिली तर वर्ष जाणार होतं.

"मोबाईल वाचते ना," ती सांगत होती, "पण हे हिंदी पुस्तक जुन्या छपाईचं आहे मावशी. जोडाक्षर आलं का मोबाईल पिऊन आल्यासारखा बोलते."

"मी वाचून देते," मी म्हटलं. सेवा अशी समोर येऊन बसल्यावर नाही कसं म्हणायचं? ठरलं असं, की मी पुस्तक घरी नेऊन वाचायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि तिला पाठवायचं. कॉलेजला जाता-येता ऑटोत ती ऐकणार. पेपरला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, पुस्तकाला हात जोडून मी बसले. कुठलंही पुस्तक मी पहिल्या अक्षरापासून वाचते. अर्पणपत्रिका वगळली तर ज्याला अर्पण केलं त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. म्हणून मी शीर्षक वाचलं, आवृत्ती वाचली, छापखान्याचा पत्ताही वाचला. आणि त्याखाली वाचलं, की प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग कोणत्याही रूपात, ध्वनिमुद्रित करूनसुद्धा, वापरता येणार नाही.

माझी जीभ तिथंच थांबली. मी चोरी करते आहे अशी सूचना मी स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करत होते.

ह्यांना दाखवलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "तू आणि चोरी? चोरांची इज्जत जाईल अशानं. वाच मुकाट्यानं."

"मुकाट्यानं वाचून तिला ऐकू कसं येईल?" मी म्हटलं. पण मन तयार होईना. पानावर प्रकाशकाचा नंबर होता, तो लावला.

"ज़रा ज़ोर से बोलिए मैडम," पलीकडचा माणूस तीनदा म्हणाला. माझा आवाज मुळातच लहान. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं सांगितलं, की अर्ज पाठवा, समिती महिन्यातून एकदा बसते.

मी अर्ज पाठवला आणि वाट पाहत राहिले. आणि रुचिताला काय सांगितलं? घसा बसलाय. खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. एक सांभाळताना दुसरा माझ्याच हातून मोडला, आणि ते मला देवासमोर बसल्यावर रोज टोचत होतं.

पाचव्या दिवशी ती स्वतःच दारात हजर. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात थर्मास.

"आईनं काढा देल्ला. आलं, तुळस, मिरी. घसा कसा आहे?"

तो थर्मास हातात घेतला आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. परवानगीचं पान, अर्ज, समिती, घसा.

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "पाच दिवस, मावशी? माझे पाच दिवस?"

मी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? सरांनी वर्गात सांगितलं होतं, आमच्यासाठी सूट आहे म्हणून. धारा बावन्न, म्हणजे आपलं कलम बावन्न. याच पुस्तकात आहे."

"मी एवढं पुढे वाचलंच नाही गं."

"कशा वाचाल? तुम्ही तं छापखान्यातच बसून राहिल्या!" आणि तिला हसू आलं. राग होताच, पण हसू त्याला वरचढ झालं. "आता वाचा. फोन बंद. समोर बसून वाचाले तं कोणाची मनाई नाही ना?"

नव्हती. मी धारा बावन्नचं सातवं प्रकरण उघडलं. अपवादांची यादी लांबलचक. वाचता वाचता ती ओळ आली. अपंग व्यक्तीला पुस्तक वापरता यावं म्हणून, तिला सोयीच्या रूपात ते करून देणं हा कॉपीराइटचा भंग नाही. शिक्षणासाठी चालतं. कुणीही करून देऊ शकतं. फक्त त्यात नफा कमवायचा नाही. मी ती ओळ दोनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा तिनं वाचायला लावली.

"झालं?" ती म्हणाली.

"कायद्याचं झालं. पण ज्याचं पुस्तक, त्यानं कुठं हो म्हटलंय? मागितल्याशिवाय घ्यायचं नाही हा माझा नेम…"

रुचितानं काठी मिटून मांडीवर ठेवली. "मावशी, आमच्या घरी रोज पंचशील म्हणतात. त्यात दुसरं शील आहे, जे दिलं नाही ते घ्याचं नाही. मागायची गोष्टच नाही तिथं. दिलं का नाही, येवढंच पाहाचं. अन् हे तं दिलेलं आहे! लिहून दिलेलं."

"कुणी दिलं पण?"

"ज्यानं लेखकाले हक्क देल्ला त्यानंच. लेखक उपाशी राहू नये, त्यानं अजून लिहावं, म्हणून देशानं कायदा केला. अन् माझ्यासारखी पोट्टी पुस्तकावाचून राहू नये, हे पण देशानंच पाहिलं. एकाच कायद्यात, एकाच हातानं देल्लं. त्यातलं एक मानाचं अन् दुसरं नाही, हे कोणत्या नेमात बसते?"

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. आणि त्याच क्षणी मला भैय्यालालजी आठवले. त्या माणसानं सहा वर्षांपूर्वीच आख्खं झाड देऊन टाकलं होतं, कायमचं. आणि मी मात्र रोज पहाटे त्यांची झोप घेत होते, न मागता.

मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि फोन पुढे ओढला. बटण दाबणार तोच एक शंका आली.

"रुचिता, हा काढा… हा नफा तर नाही ना झाला?"

"हव, मोठी कमाई झाली तुमची!" ती खो खो हसली. "खर्चापुरतं घेता येते मावशी. तुमचा घसा हाच खर्च आहे. प्या आता."

पुढचे सात दिवस आमच्या घरात कायदाच शिजत होता. सकाळी पूजा, मग दोन तास पेटंट, दुपारी ट्रेडमार्क, तिन्हीसांजेचा दिवा लावून पुन्हा कॉपीराइट. औषधाच्या पेटंटचं प्रकरण वाचताना तर मीच रंगून गेले. औषध लोकांना परवडेनासं झालं, तर सरकार दुसऱ्यालाही ते बनवायची मुभा देऊ शकतं! "अहो, ऐकलंत का?" मी ओरडले, आणि तेही रेकॉर्ड झालं.

तिचे निरोप यायचे. "आवाज मोठा करा मावशी, उरल्याच्या कारखान्यांचे ट्रक बाजूनं गेले का धारा दिसतच नाही." मग मी आवाज वाढवायचे. जन्मात कधी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. एकदा लिहिलं होतं, "तिसऱ्या प्रकरणात काका शिंकले. ते पण पाठ झालं."

तिच्या वर्गातल्या राकेशचाही फोन आला. "आंटी, मुझे भी भेज दो न. पढ़ने का टाइम ही नहीं मिलता."

"बेटा, तुम्हारे पास आँखें हैं," मी म्हटलं. "ये सिर्फ़ उसके लिए है. किताब में लिखा है."

"कौन से पेज पे?"

"वो तुम ढूँढ लो. उतना तो पढ़ ही लोगे." हे हॉलमध्ये टाळी वाजवून हसले.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपलं. माझा घसा आता खरोखरच बसला होता.

पेपरचा दिवस माझ्या उपासाचा. दुपारभर जपाची माळ हातात होती, पण मणी पुढे सरकेनात. चारच्या सुमारास फाटक वाजलं. काठीचा आवाज झपझप आत आला. चालण्यावरूनच मला कळलं, पेपर चांगला गेला. पण ते तिलाच सांगू द्यायचं होतं.

"मावशी, पुरवणी मागितली! दोनदा!"

ती दाराशीच उभी राहून सांगू लागली. तिच्यासाठी लिहायला पहिल्या वर्षाची एक मुलगी दिली होती. शेवटचा प्रश्न होता, देशाचे कायदे लोकांच्या हिताशी कसे जुळवून घ्यायचे, उदाहरणं द्या. रुचितानं औषधापासून सुरुवात केली, मग शेतकऱ्याचं बियाणं, मग धारा बावन्न.

"ती पोट्टी रडकुंडीले आली. म्हणे, दीदी, बस करो, हाथ टूट गया. मी म्हटलं, बहन, अभी तो अपवाद बाकी हैं!"

"अगं, आत तरी ये. बस."

तिला बसवलं, चहा हातात दिला. "या वेळी विषय निघते मावशी," ती म्हणाली, "चार मार्काची गोष्टच नाही आता." आणि मग ती पहिल्या प्रश्नापासून सगळी उत्तरं सांगू लागली. चहावर साय धरली, कप तसाच हातात राहिला. मी तिला थांबवलं नाही.