वर्लीनबाईंचं डावं दार

फेब्रुवारीत डार्सी हॉलिफील्ड पार्लरमध्ये आली ती गाडीचं चित्र काढलेला कागद घेऊनच. "मिस वर्लीन, तुमचं नाव कुठे लिहू?"

वर्लीनबाई एका गिऱ्हाइकाच्या केसांना रोलर लावत होत्या. गावात मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं 'मिस'च म्हणत. एकोणीस वर्षांच्या या पोरीला शर्यतीच्या हंगामभराची टायरं त्या देणार होत्या, आणि पार्लरचं नाव गाडीवर नेमकं कुठे यावं यावर त्यांनी तीन दिवस डोकं खपवलं होतं. पण पाइन रिज गावात आपल्याला काय हवंय ते पहिल्या फटक्यात सांगणं बरं दिसत नाही.

"अगं, कुठेही चालेल," त्या म्हणाल्या.

पोरीनं निदान आणखी एकदा विचारायला नको? तिनं मान डोलावली आणि निघून गेली.

नाव आलं डाव्या दारावर. आता शर्यतीच्या गोल रिंगणात गाड्या जन्मभर डावीकडेच वळणार आणि लोक बसणार रिंगणाबाहेर, म्हणजे लोकांना दिसणार ती उजवी बाजू. तिथे ग्रेडी पकेटच्या अंत्यविधीगृहाचं नाव हातभर अक्षरांत झळकत होतं, कारण इंजिन त्यानं दिलं होतं. बार्बेक्यूच्या थाळ्या विकून पेट्रोल भरणाऱ्या चर्चच्या बायकांना मागची बाजू मिळाली होती. वर्लीनबाईंचं पार्लर दिसायचं फक्त आतल्या गवतावर उभ्या असलेल्या अँब्युलन्सवाल्याला.

"आणि त्याला टक्कल आहे!" त्या घरी नवऱ्यापाशी धुसफुसल्या.

"मग सांग ना पोरीला."

"आता कशी सांगू? कुठेही चालेल म्हटलंय ना!"

एप्रिलमध्ये डार्सी शेवटून पहिली आली. जूनमध्ये सातवी, ऑगस्टमध्ये दुसरी. गाव तिच्यासाठी घसा फोडून ओरडायला लागलं, आणि ग्रेडीला चेव आला.

"वर्लीन, तुझं नाव फार सुरेख लिहिलंय म्हणे. अँब्युलन्सवाला सांगत होता."

"तुझं निम्मं रिंगणाच्या भिंतीनं घासून खाल्लंय, ते बघ आधी."

"माझ्या गिऱ्हाइकांची काही तक्रार नाही."

वर्लीनबाईंना एकच आशा होती. जिंकणारा गाडी वळवून एक उलटी फेरी मारतो, म्हणजे चालवणाऱ्याचा चेहरा लोकांना दिसावा. आणि चालवणारा बसतो डावीकडे. एकदा, फक्त एकदा पोरगी पहिली यायला हवी होती.

ऑक्टोबरातल्या रविवारी दुपारी शेवटची शर्यत होती. शार्लट शहरातल्या एका मोठ्या शर्यत-संघाचा माणूस वही घेऊन आला होता. डार्सी जिंकली तर पुढच्या वर्षी ती त्यांची गाडी चालवणार होती. सकाळी चर्चमध्ये वर्लीनबाईंनी डोळे मिटले, तर आधी आठवलं दार आणि मग पोरगी. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

शेवटच्या फेरीत डार्सी पुढे होती. मागून येणाऱ्या ट्रॅव्हिस ग्रिंडस्टाफनं आतून गाडी घातली आणि धाडकन तिच्या डाव्या दारावर आदळला. डार्सी तसूभरही सरकली नाही. जिंकल्याचं निशाण तिच्यासाठी फडकलं आणि वर्लीनबाई वयाची त्रेसष्ट वर्षं विसरून बाकावर चढल्या.

मग उलटी फेरी आली. हजारभर लोकांनी डावं दार पाहिलं. ते पार आत गेलं होतं. नावाच्या जागी चेपलेला पत्रा होता आणि टायरचे काळे फराटे. ग्रेडीनं नुसती टोपी काढली, मयतापुढे काढतात तशी. त्याला ती सवयच होती.

त्या खाली गेल्या तेव्हा डार्सी खिडकीतून बाहेर येत होती. "माफ करा, मिस वर्लीन. तुमचं नाव गेलं."

"नाव जाऊ दे मसणात! लागलं नाही ना तुला?" त्यांनी तिला चाचपून पाहिलं, आणि मग आठ महिने दाबून ठेवलेलं बाहेर पडलंच. "पण मला मेलीला या बाजूला का टाकलंस गं?"

डार्सी गोंधळली. "तुम्हीच म्हणालात कुठेही चालेल. म्हणून मग मला हवं होतं तिथे लिहिलं. या गाडीचं दार उघडत नाही ना, खिडकीतूनच आत शिरावं लागतं. आत जाताना मला फार भीती वाटते हो. दरवेळी तुमच्या नावावर हात टेकते आणि मग चढते."

वर्लीनबाईंना रडू फुटलं. ते लपवायला त्यांनी तिचे घामेजलेले केस कपाळावरून मागे सारले. "टोकं बघ किती दुभंगलीयत," त्या म्हणाल्या. "उद्या ये कापायला."

नोव्हेंबरात डार्सी पुन्हा कागद घेऊन आली. गाडी आता शार्लटच्या संघाची होती, सगळीकडे मोठमोठ्या कंपन्यांची नावं होती.

"खिडकीखाली वीतभर जागा मागून घेतलीय मी. लांबून कुणाला दिसायचं नाही. तुमचं नाव कुठे..."

"कुठेही चा..." वर्लीनबाईंनी जीभ चावली. कात्री खाली ठेवली आणि कागदावर बोट टेकवलं.

"इथे. आणि हात टेकल्याशिवाय चढलीस, तर याद राख."