सुगराबीची अंड्यांची टोपली

मित्रांनो, हल्ली माझ्यात कांदे असतात, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुनी बांबूची टोपली आहे. साक्रीच्या बाजारात टोपल्या विणणाऱ्या वना म्हाताऱ्यानं मला घडवलं आणि सुगराबीनं तीन वेळा उलटीसुलटी करून मला निवडलं. तिला खोल बुडाची, घट्ट विणीची टोपली हवी होती. अंडी ठेवायची होती ना!

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासची. आमच्या खेड्यांत तेव्हा फ्रिज कुणी पाहिलाही नव्हता. पाहुणा आला की अंगणातली कोंबडी धरायची, कापायची आणि त्याच दिवशी संपवायची. जास्त झालं तर वाटी शेजारी जायची. घरच्यापेक्षा जास्त अंडी हवी असतील तर सुगराबीची वाट बघायची. ती डोंगराकडच्या गावांतून अंडी गोळा करून खालच्या गावांत विकायची. प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघायची. तळाशी बसलं तर घ्यायची, तरंगलं तर परत करायची. मग माझ्यात भाताच्या कोंड्याचा थर, त्यावर अंडी, पुन्हा कोंडा. नुकत्याच घातलेल्या अंड्याची ऊब माझ्या बुडाला लागायची. मित्रांनो, ती ऊब मला अजून आठवते.

तिची फेरी भिकुबाईच्या ओट्यावर संपे. भिकुबाई शेतकऱ्याघरची. दोघी चहा पीत, आणि अंडी मोजून झाली तरी उठत नसत.

एका वर्षी गावात कोंबड्यांना मारणारी मानमोडीची साथ आली. आठ दिवसांत अंगणं ओस पडली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा भिकुबाईकडे एकच कोंबडी उरली होती. ती कोपऱ्यात नुसत्या पाचोळ्यावर खुडूक बसली होती. खाली एक अंडं नव्हतं, तरी उठायला तयार नव्हती.

"बठ्ठ्या मरी गयात वं अक्का," भिकुबाई म्हणाली. "गावमा कोंबडाच नही शे. हाई बिचारी बशी ऱ्हायनी, पन काय उबवी?"

तेवढ्यात तिचा नवरा झुलाल आत आला. "परवा पाव्हना यी ऱ्हायनात. फुकट बशेल कोंबडी, कापी टाक."

भिकुबाईनं पदर तोंडाला लावला. त्या घरात शेत, बैल, भांडी सगळं झुलालचं होतं. कोंबड्या तेवढ्या तिच्या होत्या.

सुगराबी उठली. "दोन दिन थांब झुलालभाऊ. तिले हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला घेऊन डोंगरापलीकडच्या पाड्यावर गेली. तिथं मानमोडी पोचली नव्हती, कोंबडे आरवत होते, म्हणजे तिथल्या अंड्यांतून पिलं निघणार होती. तिनं घरोघर हिंडून कालपरवाची बारा अंडी निवडली. एसटी मिळाली असती. पण एसटीचे धक्के अंड्यांच्या जिवाला सोसत नाहीत, म्हणून ती तीन कोस पायी निघाली. आजवर मी खायची अंडी वाहिली होती. त्या दिवशी माझ्यात बारा जीव होते.

नाल्याच्या उतारावर तिचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आपटली, पण दोन्ही हातांनी मला वर धरलं ते सोडलं नाही. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती आधी कोंडा चाचपत होती. एक अंडं तडकलं होतं. तिनं ते अलगद काढून नाल्याकाठी ठेवलं आणि लंगडत चालू लागली.

भिकुबाईनं ती अकरा अंडी कोंबडीखाली सरकवली तेव्हा कोंबडीनं पंख फुलवले आणि एकेक पोटाखाली ओढून घेतलं. झुलाल सुगराबीच्या गुडघ्याकडे बघत राहिला. पाहुण्यांना त्यानं वांग्याचं भरीत वाढायला लावलं. एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. वर्षभरात त्यांची पिलावळ घरोघर गेली आणि गाव पुन्हा आरवू लागलं.

पुढे साक्रीत पोल्ट्रीची पांढरी अंडी ट्रेमधून येऊ लागली. दुकानात फ्रिज आला. खेड्यापर्यंत टेम्पो जाऊ लागला. सुगराबीची फेरी आधी महिन्यावर गेली, मग थांबलीच. मी खुंटीवर लटकले. माझ्या विणीतला कोंडाही झडून गेला.

पाच वर्षांनी भिकुबाई साक्रीच्या बाजाराला आली आणि पत्ता विचारत सुगराबीच्या घरी पोचली. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

"तू येस नही वं आते," भिकुबाई म्हणाली.

"काय काम काढीसन येऊ? अंडा ते आते तुन्हा गावमाच भेटतस."

"मी काय अंडासनी वाट दखत व्हतू का?"



पुढच्या आठवड्यात सुगराबी भिकुबाईच्या गावाला गेली. रिकाम्या हातानं गेली. मी खुंटीवरून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. आपल्याला नेलं नाही याचं वाईट वाटलं, आणि ती गेली याचा आनंदही झाला.

मित्रांनो, फ्रिजमध्ये अंडी खुशाल ठेवा, त्याचा मला राग नाही. पण काम संपलं म्हणून ज्यांच्या घरी जाणं थांबलंय, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. ती माणसं वाट बघत असतात.