चार दिवसांची रजा

“मला चार दिवसांची रजा पाहिजे,” कटरकाका म्हणाले आणि मला हसू आलं. यायला नको होतं.

कटरकाका म्हणजे आमच्या छापखान्यात कागद कापायचं मशीन चालवणारे. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले आणि डॉक्टरांनी पात्याजवळ जायला बंदी केली. तेव्हापासून ते घरीच होते. पगाराऐवजी विम्याचे पैसे यायचे.

“अहो काका, घरीच तर आहात. रजा कशाची देऊ?”

“घरी आहे, पण आजारी म्हणून. रजेवर कुठं आहे?” ते खुर्चीत टेकले. “बायकोला लग्नापासून समुद्र दाखवतो, दाखवतो म्हणतोय. आत्ता पाय चालतायत. पुढच्या वर्षीचं डॉक्टरही बोलत नाहीत.”

“मग जाऊन या की. कोण अडवतंय?”

“असं न सांगता? बत्तीस वर्षांत एक दांडी मारली नाही मी. आजारी म्हणून पैसे घ्यायचे आणि वाळूत बसायचं, चोरासारखं वाटेल. माझ्या रजा साठल्यात ना? त्यातल्या द्या.”

मला सगळे रजाबाई म्हणतात. माझ्या रजिस्टरात खाडाखोड सापडत नाही, हा माझा तोरा. मी ऐटीत त्यांचं पान उघडलं आणि माझा चेहरा उतरला. शिल्लक रजा शून्य. विम्याचे पैसे सुरू झाल्यावरही मी रोज त्यांच्या रकान्यात ‘र’ लिहीत गेले होते. जागा रिकामी की ‘र’, हात सवयीनं चालला होता. विमा ज्या दिवसांचे पैसे देतो, ते दिवस रजेतून कापायचे नसतात, हे मीच नव्या लोकांना शिकवते. काकांनी समुद्रासाठी राखलेले चाळीस दिवस मी त्यांच्या आजारपणात घालवले होते.

“नाहीत का?” काकांनी हळूच विचारलं.

“आहेत. माझ्याकडून चूक झालीये. उद्या या.”

साहेबांसमोर उभी राहिले तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमच्या हातून?” ते म्हणाले.

“माझ्याच. लेखी देते.”

त्यांनी सही केली. चार दिवस विमा बंद, कंपनीची भरपगारी रजा, पाचव्या दिवसापासून विमा पुन्हा सुरू. तसं पत्र विमा कंपनीला गेलं. मी लाल पेनानं एकेक ‘र’ खोडला. पानाची पार रया गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी अर्ज भरला. कारणापुढे लिहिलं, ‘बायकोसोबत’.

पाचव्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी काका माझ्या टेबलापुढे हजर. इस्त्रीचा शर्ट, नाक उन्हानं रापलेलं. काकू दारातच थांबल्या होत्या.

“रुजू व्हायची सही करायला आलो,” ते म्हणाले.

रजेवरून आलेल्यानं आमच्याकडे कामावर जाण्याआधी सही करायची असते. काकांना कामावर जायचंच नव्हतं. त्या सहीची काही गरज नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी पेन पुढे केला.

“काकू पाण्यात उतरल्या का?”

“गुडघ्यापर्यंत. मला घट्ट धरून. नाहीतर मी पडलो असतो.” ते हसले.

डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी सही केली. फार वेळ लागला. मी बघत राहिले, मदत केली नाही. मग भोंगा झाला. काकांनी सवयीनं मशीनच्या खोलीकडे दोन पावलं टाकली, थांबले, आणि दारात उभ्या असलेल्या काकूंकडे वळले.

त्यांची सही रकाना ओलांडून शेजारच्या दोन नावांवर गेली होती. एरवी असं पान मी पुन्हा लिहून काढलं असतं.