सांधा लावलेल्या रायफलीचा भाव

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल आहे. खरं सांगायचं तर मी अर्धीच मी आहे. माझा पुढचा भाग एका रायफलीचा आणि मागचा दुसऱ्याच एकीचा. आमचा सांधा कसा जुळला आणि त्यापायी एका भल्या माणसाचं काय झालं, ते ऐका.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत माझा जन्म झाला. कारखान्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका माझी नळी उजेडाकडे धरून आत डोकावायच्या. त्यांतल्या एकीने माझ्या पोलादावर शिक्का मारला, म्हणजे मी पास झाले. पुढे मी कोरियाच्या बर्फात दोन हिवाळे काढले. तिथल्या पोरांनी मला अंगाशी धरून झोप घेतली. तेवढं प्रेम मला पुन्हा मिळालं नाही.

मग नव्या रायफली आल्या आणि मी गोदामात पडले. कित्येक वर्षांनी एके सकाळी गॅसच्या ज्योतीने मला मधोमध कापलं. गोळीचा सगळा दणका जे अंग सोसतं, नेमकं तेच कापलं. कोणी पुन्हा वापरू नये म्हणूनच कापलं होतं, हे मला कळत होतं. नंतर आम्ही सगळ्या कापलेल्या रायफली भंगार म्हणून वजनावर विकल्या गेलो.

ते भंगार केंटकीतल्या गारलंड पीव्हीने घेतलं. त्याने आपल्या शेडमध्ये दोन तुकडे जुळवले, वेल्डिंग केलं, कानशीने घासून सांधा गुळगुळीत केला आणि वर काळा रंग चढवला. मग खाली लाकडी दस्ता बसवला. बाहेरून बघाल तर माझ्यासारखी देखणी मीच.

ओरिन टॅकेट मला भेटला तो जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात. पासष्टीचा, खाणीतून निवृत्त झालेला माणूस. तरुणपणी तोही कोरियात होता. तशीच रायफल एकदा घरात असावी, एवढीच त्याची हौस. पण फसायचं नाही म्हणून त्याने तीन बाजार नुसते हिंडून काढले होते. कुठे सातशे डॉलर, कुठे साडेसातशे.

गारलंडने माझे साडेपाचशे सांगितले.

"एवढी स्वस्त का रे बाबा?" ओरिनने विचारलं.

"काका, हिला घरी परत वाहून न्यायचा कंटाळा आलाय मला. बघा ना हातात घेऊन, बघायचे पैसे नाही लावत मी."

ओरिनने मला उचललं. नळीच्या तोंडात गोळीचं टोक घालून झीज पाहिली. माझ्या पोलादावर कोरलेले आकडे वाचले. त्याचा अंगठा माझ्या सांध्यावरून दोनदा फिरला. मित्रांनो, मला वाटलं, आता तरी थांबेल! पण रंग चांगला बसला होता.

"लाकूड काढून आतून बघू का?"

"काढू नका काका, जुनं लाकूड आहे, ढिलं पडेल. मग तुम्हीच म्हणाल, गारलंडने खिळखिळी दिली."

मागे गारलंडची बायको नॉर्लीन थर्मासमधून कॉफी ओतत होती. तिचा हात थांबला. "गारलंड, सांग ना त्यांना," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू? तू कॉफी बघ."

ओरिनला वाटलं, नवराबायकोचं काही असेल. त्याने चारशे ऐंशीला सौदा पक्का केला. दोघांनी हात मिळवले. गाडीत बसल्यावर तो स्वतःशीच हसला आणि माझ्या दस्त्यावर थाप मारून म्हणाला, "बरोबर भावात मिळालीस बघ!" मला सांगायचं होतं, पण तोंड नव्हतं. मी नुसती त्याच्या मांडीवर पडून राहिले.

पुढच्या शनिवारी त्याने मला चालवून बघायला टेकडीच्या मागे नेलं. तीन गोळ्या मी सोसल्या. जीव एकवटून सोसल्या. चौथीला सांधा फुटला.

ओरिनचा उजवा डोळा गेला.

इस्पितळातून घरी आल्यावर त्याची बायको वेल्मा रडता रडता त्याच्यावर ओरडली, "तीन बाजार भाव विचारत फिरलास! भावच विचारलास, बाकी काही विचारलं नाहीस!" मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ओरिन एका डोळ्याने माझ्या फुटलेल्या अंगाकडे बघत बसायचा. मला त्याने एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी नॉर्लीन एकटीच आली. गावच्या वर्तमानपत्रात तिने बातमी वाचली होती. तिने टेबलावर पाकीट ठेवलं. "चारशे ऐंशी आहेत. गारलंडला ठाऊक नाही."

वेल्माने पाकीट तिच्याकडे परत सरकवलं. ओरिन म्हणाला, "पैशांचं राहू दे, बाई. अशा आणखी किती केल्या त्याने?"

"अकरा."

"कोणाकोणाला दिल्या? नावं सांग. मी जाऊन सांगतो त्यांना."

नॉर्लीनने मान खाली घातली. "बाजारात नावं कोण विचारतं? रोख घेतले, रायफल दिली. लोक खुशीत घरी गेले, तुमच्यासारखेच."



आता ओरिन मला प्रत्येक बाजारात नेतो. दाराशी टेबल मांडतो, माझं लाकूड काढून ठेवतो आणि फुटलेला सांधा वर करून मला ठेवतो. सोबत पाटी असते, 'स्वस्तात घेतली असेल तर आतून बघा.' लोक थांबतात. बहुतेक जण विचारतात, "हिचे किती?" तो म्हणतो, "विकायची नाही." मग ते पुढे जातात. चार वर्षांत अकरांपैकी तिघी सापडल्या. उरलेल्या आठ कोणाच्या तरी घरात भिंतीवर आहेत, तेल लावून पुसलेल्या, लाडक्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही विकाल, काही विकत घ्याल. विकाल तेव्हा त्या वस्तूवर काय काय गुदरलंय ते घेणाऱ्याला सांगा. आम्हाला सांगता येत नाही. मी फार प्रयत्न केला होता.